पाळी गेल्यानंतरची अस्तराची बायोप्सी: साधने कशी पारखावीत आणि कोणासाठी कोणते निवडावे

पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते कपड्यावरच्या एका डागाएवढे का असेना, तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, याची खात्री करून घेणे हे पहिले काम असते. अशा तक्रारीने येणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींना हा कर्करोग निघतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. ज्यांना हा कर्करोग होतो त्यांच्यापैकी नव्वद टक्के स्त्रियांना रक्तस्राव झालेला असतो, हेही त्याच विश्लेषणाने दाखवले. आपल्याकडे मात्र ‘उष्णता वाढली असेल’, ‘पाळी परत आली’ असे म्हणत घरात महिने जातात. त्यामुळे बाई दवाखान्यात आली, की पुढचा वेळ साधनाच्या चुकीच्या निवडीत जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने लहान शहरांत काम करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि अशा बाईला पुढे पाठवणारे कुटुंबवैद्य यांच्यासाठी आहे. आई किंवा सासूबाईंसोबत तपासणीला जाणाऱ्या लेकीसुनांनाही ते वाचता यावे, अशी भाषा ठेवली आहे. बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचा नमुना घेण्याच्या, साधनांची तुलना सहसा ‘कोणते जास्त ऊतक आणते’ या एका प्रश्नावर होते आणि तो प्रश्न अपुरा आहे. पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत साधन रिकामे परतण्याची शक्यता नेहमीच मोठी असते. म्हणून ते रिकामे परतल्यावर आपण काय करणार, हे आधी ठरवल्याशिवाय कोणत्याही साधनाची खरी किंमत कळत नाही.

साधन हातात घेण्याआधी

स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून धरणारे साधन, लावून गर्भाशयमुख नीट पाहिल्याशिवाय अस्तराकडे वळू नये. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग अस्तराच्या कर्करोगापेक्षा अधिक आढळतो आणि तोही पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावानेच समोर येऊ शकतो. मुखावर व्रण किंवा गाठ दिसत असताना आतला नमुना घेत बसणे म्हणजे दारातल्या आजाराला ओलांडून आत जाणे होय. त्यानंतर दोन्ही हातांनी तपासून गर्भाशय पुढे झुकलेले आहे की मागे, याची नोंद करावी, कारण नळी कोणत्या दिशेने जाणार हे त्यावरच ठरते.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी राहते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या आपल्या मतात अशा स्त्रीला पहिल्याच रक्तस्रावात बायोप्सीशिवाय थांबण्याची मुभा दिली आहे. या मुभेच्या अटी मात्र काटेकोरपणे पाळाव्यात. अस्तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्पष्ट दिसलेले असावे. फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठीमुळे) किंवा गर्भाशय आडवे असल्यामुळे ते नीट दिसले नसेल, तर त्या अहवालातल्या आकड्याला अर्थ नाही. रक्तस्राव पुन्हा झाला, तर जाडी कितीही असली तरी ऊतक मिळवावेच, कारण सीरस प्रकारचा आक्रमक कर्करोग पातळ अस्तरातही वाढतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीमध्ये औषधामुळे अस्तराखालच्या थरातही बदल होतात आणि सोनोग्राफीतली जाडी फसवी ठरते. तिला रक्तस्राव झाला तर थेट नमुन्याकडे जावे.

बाईला ताप असेल, ओटीपोट दाबल्यावर दुखत असेल किंवा सोनोग्राफीत गर्भाशयात पू साचल्याची शंका असेल, तर आधी पू वाहू द्यावा, प्रतिजैविके द्यावीत आणि नमुना काही दिवसांनी घ्यावा. पुवाने ताणलेली भिंत मऊ असते व साधन तिच्यातून आरपार जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे प्रत्येकीला विचारावे. त्या बंद करायच्या की नाहीत हे हृदयरोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावे.

आकडे वाचताना: तुलना कशाशी केली होती?

नळीने घेतलेल्या नमुन्याबद्दल दोन प्रसिद्ध आकडे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. २००० साली आलेल्या, सुमारे आठ हजार स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणानुसार पिपेल ही नळी पाळी गेलेल्या स्त्रियांतील ९९.६ टक्के कर्करोग ओळखते. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी फक्त पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचे अभ्यास वेगळे काढले. त्यांत क्युरेटिंगला, म्हणजे अस्तर खरवडून काढण्याला, प्रमाण मानून तुलना केली तेव्हा नळीने शंभर टक्के कर्करोग पकडले, पण गर्भाशयात दुर्बीण घालून, पाहून घेतलेल्या नमुन्याला प्रमाण मानले तेव्हा हा आकडा ९० टक्क्यांवर आला, आणि पॉलिपसह (अस्तरावर वाढणाऱ्या कोंबासह) सगळे आजार धरले तर अवघ्या ३९ टक्क्यांवर.

नळी तीच असूनही आकडे इतके बदलतात, याचे कारण तुलनेच्या मापात आहे. क्युरेटिंगही न पाहताच केले जाते. पिट्सबर्गच्या दोन डॉक्टरांनी १९७५ मध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी क्युरेटिंग केले आणि मग काढलेले गर्भाशय उघडून पाहिले. साठ टक्के गर्भाशयांत अर्ध्याहून कमी अस्तर खरवडले गेले होते. एका न पाहता केलेल्या पद्धतीची चूक दुसऱ्या न पाहता केलेल्या पद्धतीने सापडत नाही, दोघींच्या नजरेतून एकच कोपरा निसटतो. म्हणून एखाद्या अभ्यासात किंवा विक्री प्रतिनिधीने दिलेल्या कागदावर टक्केवारी वाचली, की शेवटी गर्भाशय काढून किंवा निदान दुर्बिणीने पाहून खातरजमा केली होती का, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न टक्केवारीच्या छेदाचा आहे, म्हणजे एकूण किती खेपा हिशेबात धरल्या याचा. गर्भाशयमुखातून आत जाताच न आलेल्या साधनाच्या खेपा आणि ‘नमुना अपुरा’ असा शेरा आलेल्या खेपा हिशेबातून वगळल्या, तर कोणतेही साधन देखणे दिसते. नेदरलँड्सच्या त्याच विश्लेषणात ११ टक्के वेळा नमुना घेताच आला नाही आणि ३१ टक्के वेळा तो अपुरा ठरला. अशा स्त्रियांचा पाठपुरावा केल्यावर त्यांतील ७ टक्के जणींना कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था निघाली. म्हणजे रिकाम्या नमुन्याच्या आड लपलेला धोका मूळ धोक्यापेक्षा फारसा कमी नाही.

साधने एकेक करून

पिपेलपासून सुरुवात करणे योग्य, कारण आज बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक तीच वापरली जाते आणि इतर साधने तिच्याशीच ताडून पाहिली जातात. फ्रान्सच्या एडगार कॉर्निए यांनी १९८४ मध्ये ती मांडली. पॉलिप्रॉपिलिनची ही लवचीक नळी बाहेरून ३.१ मिलिमीटर जाडीची असते, टोकाजवळ बाजूला एक बारीक भोक असते आणि आत दट्ट्या असतो. दट्ट्या मागे ओढला की नळीतच निर्वात तयार होतो, त्यामुळे पंप, वीज, सिरिंज यांतले काहीही लागत नाही. भुलीची गरज सहसा पडत नाही, नळी एकदा वापरून टाकून द्यायची असते आणि दुखणे इतर साधनांच्या मानाने कमी असते. तिची मर्यादा तिच्या बारीकपणातच आहे. १९९३ च्या एका अभ्यासात काढलेल्या गर्भाशयांवर मोजले असता पिपेलने अस्तराच्या पृष्ठभागाचा सरासरी ४.२ टक्के भागच घेतला होता, तर व्हाब्रा या यंत्राने ४१.६ टक्के. तरीही कर्करोग बहुधा मोठ्या भागावर पसरलेला असतो, म्हणून एवढा छोटा भागही निदानाला पुरतो. जेथे तो पसरलेला नसतो तेथे मात्र नळी चुकते: १९९५ मध्ये कर्करोग असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या ६५ स्त्रियांत पिपेलने ५४ जणींचे निदान केले, आणि सुटलेल्या ११ जणींपैकी बहुतेकींचा कर्करोग एका पॉलिपपुरता किंवा अस्तराच्या पाच टक्क्यांहून कमी भागात होता. यावरून निवडीचा नियम आपोआप निघतो. सोनोग्राफीत अस्तर सर्वत्र सारखे जाड दिसत असेल तर पिपेल उत्तम. एकाच जागी फुगवटा किंवा पॉलिप दिसत असेल तर पिपेलच्या निर्दोष अहवालावर विसंबू नये.

व्हाब्रा ही बारीक पोकळ नळी बाहेरच्या विद्युत पंपाला जोडतात आणि ऊतक मधल्या डबीत साठते. पृष्ठभाग अधिक घेतला जातो हे खरे, पण दुखतेही अधिक आणि पंपाचा आवाज घाबरवणारा असतो, त्यामुळे तिचा वापर मागे पडला.

बाल्टिमोरच्या एमिल नोव्हाक यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेले धातूचे पोकळ क्युरेट अजून पुष्कळ जुन्या रुग्णालयांच्या ट्रेमध्ये असते. दातेरी कडेचे टोक आणि मागे जोडलेली सिरिंज अशी त्याची रचना असून ते निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते. पुरेसा नमुना मिळण्याच्या बाबतीत ते पिपेलच्या बरोबरीचे ठरले आहे. वेदनेत मात्र पिपेल सरस आहे. धातू वाकत नसल्याने मागे झुकलेल्या, आकसलेल्या गर्भाशयात ते सावधपणे चालवावे लागते.

महाराष्ट्रातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या दृष्टीने कारमन कॅन्युला या पोकळ नळीचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. अपूर्ण गर्भपातासाठी वापरली जाणारी हातपंपाची एमव्हीए सिरिंज अशा ठिकाणी असते आणि तिला ४ मिलिमीटरची लवचीक कॅन्युला जोडली, की अस्तराचा नमुना घेता येतो. तिची ओढ पिपेलपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे ऊतक अधिक येते. जाड अस्तराच्या बाईत ही जमेची बाजू आहे. पण पाळी जाऊन दहापंधरा वर्षे झालेल्या, किंवा दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाल्यामुळे गर्भाशयमुख कधी उघडलेच नाही अशा स्त्रीमध्ये, ३.१ आणि ४ मिलिमीटर यांतला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा फार मोठा असतो. तेथे आधी मुख रुंद करणारी बारीक सळई (डायलेटर) आणि मुखाभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन लागते. त्याची तयारी नसेल तर कॅन्युलाचा हट्ट धरू नये.

अस्तर अगदी झिजलेले असताना नळीला ओढून घ्यायला काहीच मिळत नाही, तेव्हा आवरणातून आत नेऊन फिरवायचा ब्रश अधिक पेशी आणतो. परंतु त्या पेशी वाचणारा, सरावलेला सायटॉलॉजिस्ट हाताशी असावा लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो क्वचितच असतो.

भुलीखाली मुख रुंद करून केलेले क्युरेटिंग, ज्याला लोक ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात, आता पहिली पायरी राहिलेली नाही. मधुमेह, रक्तदाब आणि स्थूलपणा हे या कर्करोगाचे सोबती आहेत आणि त्याच स्त्रीला भूल देणे अधिक जोखमीचे असते, हेही विसरू नये. मुख बंद झालेले असेल किंवा बाईला बाह्यरुग्ण विभागात तपासणी सहनच होत नसेल, तर भूल द्यावी. पण भूल द्यायचीच आहे तर सोबत दुर्बीण घालावी.

दुर्बीण, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, हे एकच साधन पाहून नमुना घेते. आजच्या बारीक दुर्बिणी आवरणासह ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीच्या असतात. अनेक स्त्रियांमध्ये स्पेक्युलम न लावता, सलाइनच्या प्रवाहाच्या मदतीने त्या बाह्यरुग्ण विभागातच आत नेता येतात, आणि त्यांच्यातल्या बारीक वाटेतून चिमटा घालून संशयित जागेचाच तुकडा घेता येतो. पॉलिप दिसला तर तो त्याच वेळी काढता येतो. यंत्राचा खर्च आणि हाताचा सराव या दोन अडचणी खऱ्या आहेत, म्हणून प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी दुर्बीण हवी असे मी म्हणणार नाही. प्रत्येक रुग्णालयाला दुर्बीण असलेले जवळचे ठिकाण ठाऊक असावे आणि तेथे पाठवण्याची व्यवस्था ठरलेली असावी, असा आग्रह मात्र धरीन.

नमुना घेताना

तासभर आधी इबुप्रोफेनसारखी गोळी द्यावी, अर्थात मूत्रपिंड आणि आम्लपित्ताचा इतिहास विचारून. काय होणार आहे हे साध्या शब्दांत सांगावे: ‘मावशी, एक-दोन मिनिटं पोटात कळ येईल, पाळीत यायची तशी. थांबा म्हणालात की मी थांबेन.’ हे वाक्य बोलून दाखवले आणि पाळले, तर बाई अंग सैल सोडते आणि पुष्कळदा चिमट्याचीही गरज पडत नाही.

पोव्हिडोन आयोडीनने मुख पुसावे आणि दट्ट्या पूर्ण आत ठेवून पिपेल हलक्या हाताने सरकवावी. सुमारे तीन सेंटिमीटरवर, गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाशी, ती अडते आणि लवचीक असल्याने धनुष्यासारखी वाकते. येथे जोर लावू नये. मुखाचा पुढचा ओठ चिमट्यात धरून सावकाश आपल्याकडे ओढला, की मुख आणि गर्भाशय यांच्यातला कोन सरळ होतो आणि बहुधा नळी आपोआप पुढे जाते. नळी गर्भाशयाच्या माथ्याला, म्हणजे सर्वांत आतल्या टोकाला, टेकल्याचे जाणवले की नळीवरच्या खुणेवरून खोली पाहून ती नोंदवावी. दोन्ही हातांच्या तपासणीत जाणवलेल्या आकारापेक्षा नळी खूपच जास्त आत गेली, तर भिंतीला भोक पडल्याची शंका घेऊन तेथेच थांबावे.

मग दट्ट्या एका दमात शेवटपर्यंत मागे ओढावा, आणि नळी बोटांत फिरवत माथ्यापासून आतल्या तोंडापर्यंत तीन-चार वेळा मागेपुढे करावी, म्हणजे चारही भिंतींना तिचे भोक लागते. नळीचे टोक मुखाबाहेर येऊ देऊ नये, कारण बाहेर येताच निर्वात संपतो. बाईचा चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, नाडी मंदावली, तर साधन काढून पाय उंच करावेत; बहुतेक वेळा काही मिनिटांत ती सावरते.

पुढची गोष्ट घाईत टाळली जाते आणि तीच सर्वांत मोलाची आहे. नमुना फॉर्मालिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) सोडल्यावर बाटली उजेडाकडे धरून पाहावी. चांगले ऊतक फिकट गुलाबी-करड्या, शेवयांसारख्या तुकड्यांनी तळाशी बसते. नुसता श्लेष्मा असेल तर चमकदार, चिकट धागा तरंगत राहतो, आणि नुसते रक्त असेल तर गडद गुठळी दिसते. पांढरट, ठिसूळ, भरपूर ऊतक सहज आले तर कर्करोगाची शंका मनात घट्ट धरावी आणि पॅथॉलॉजिस्टला फोन करावा. ऊतक नाही असे दिसले आणि बाई तयार असेल, तर त्याच नळीने दुसरी खेप घेता येते. त्यासाठी पहिला नमुना सोडताना नळीचे टोक फॉर्मालिनला लागू न देण्याची सवय ठेवावी.

मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने मुख उघडेल यावर पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये फार भरवसा ठेवू नये. इस्ट्रोजेन नसलेल्या ऊतकावर तिचा परिणाम कमी होतो, आणि पोटात कळा, जुलाब मात्र होतात.

आपल्याच विभागात दोन साधने ताडून पाहायची असतील तर

नीतिसमितीची परवानगी आणि बाईची संमती घेऊन हे काम मध्यम आकाराच्या रुग्णालयातही करता येते. कोणत्या बाईला कोणते साधन हे चिठ्ठीने ठरवावे. डॉक्टरने आपल्या मनाने ठरवले तर सोप्या स्त्रिया आवडत्या साधनाच्या वाट्याला जातात. दोन्ही साधने एकाच बाईत वापरायची असतील तर क्रम आलटून पालटून ठेवावा, कारण पहिले साधन वाट मोकळी करते आणि ऊतकही घेऊन जाते. वेदना शून्य ते दहा या मापावर, बाई टेबलावरून उतरण्यापूर्वी आणि शक्यतो नर्सने विचारावी. डॉक्टरला उत्तर देताना बायका दुखणे कमी करून सांगतात. बाटलीवर साधनाचे नाव नसावे. आत न गेलेली प्रत्येक खेप नोंदवहीत राहिली पाहिजे, आणि प्रत्येक स्त्रीपुढे पाळी जाऊन किती वर्षे झाली, बाळंतपणे कशी झाली व अस्तराची जाडी किती, हे तीन रकाने असावेत. त्यांच्याशिवाय साधनाचा गुण कोणता आणि बाईच्या शरीराची रचना कोणती, हे वेगळे करता येत नाही.

अहवाल हातात आल्यावर

‘नमुना अपुरा’ असे लिहून आले तर सोनोग्राफी पुन्हा पाहावी. जाडी ४ मिलिमीटरच्या आत, अस्तर पूर्ण दिसलेले आणि रक्तस्राव थांबलेला असेल, तर झिजलेल्या अस्तरातून काही न मिळणे अपेक्षितच होते असे मानून लक्ष ठेवता येते. अस्तर जाड असेल किंवा रक्त पुन्हा जात असेल, तर तीच नळी पुन्हा घालण्यात वेळ न घालवता दुर्बिणीकडे पाठवावे. ‘कर्करोग दिसला नाही’ असा अहवाल आला पण रक्तस्राव चालूच राहिला, तरी हेच करावे. ॲटिपिकल हायपरप्लेझिया, म्हणजे विकृत पेशींसह झालेली अस्तराची वाढ, निघाला तर शेजारी कर्करोग असण्याची शक्यता बरीच असते, हे धरूनच पुढचा सल्ला द्यावा.

बायोप्सीच्या कटकटीपेक्षा ‘पिशवीच काढून टाका’ असा आग्रह नातेवाईक कधी कधी धरतात, आणि काही ठिकाणी तो मान्यही होतो. निदानाशिवाय गर्भाशय काढले आणि नंतर आत कर्करोग निघाला, तर लसिका ग्रंथींची तपासणी राहून गेलेली असते, आजाराची पायरी नीट ठरत नाही आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. हे नातेवाइकांना शांतपणे आणि आधीच सांगावे.

कर्करोगाचा अहवाल आलेल्या बाईला पुढे पाठवताना कागदासोबत प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी ऊतक पुन्हा तपासले जाते, आणि ब्लॉक गावीच राहिला तर घरच्या कोणाला तरी फक्त त्यासाठी परत यावे लागते. ब्लॉक, काचपट्ट्या, सोनोग्राफीच्या प्रती आणि कोणत्या साधनाने, किती खोलीवरून नमुना घेतला हे लिहिलेली चिठ्ठी एकाच पाकिटात घालून, ते पाकीट बाईसोबत जाणाऱ्या माणसाच्या हातात द्यावे.